हो म्हणजे नाही: कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवरचे प्रश्न

[दृश्य: जेवणाचं टेबल. जाडजूड पुस्तिका, लांबलचक मतपत्रिका, काळ्या शाईचं पेन.]

नोव्हेंबर २०१६ची निवडणूक. कॅलिफोर्नियात घरोघरी टपालाने एक पुस्तिका आली, २२४ पानांची. आत राज्याने मतदारांना विचारलेले १७ प्रश्न. फाशीची शिक्षा ठेवायची का? गांजा कायदेशीर करायचा का? सिगारेटच्या पाकिटावर आणखी दोन डॉलर कर लावायचा का? प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच शब्द: हो किंवा नाही.

अशा प्रश्नाला इथे प्रपोझिशन म्हणतात, बोलताना नुसतं 'प्रॉप'. शहराचा, काउंटीचा (म्हणजे साधारण जिल्ह्याचा) किंवा शाळा-डिस्ट्रिक्टचा (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाचा) असेल तर 'मेजर' (measure). राज्याच्या प्रश्नाला आकडा मिळतो, गावाच्या प्रश्नाला अक्षर.

मराठी माणसाला या प्रकारातलं जवळचं उदाहरण म्हणजे गोव्याचा जनमत कौल, १६ जानेवारी १९६७चा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. चित्रांत घोटाळा व्हायला जागा नव्हती. कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर चित्र नसतं. असतात ते जास्तीत जास्त ७५ शब्द, आणि निम्मी लढाई त्या शब्दांवरच होते.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. वाफेचं इंजिन, सॅक्रामेंटोचं विधान भवन.]

ही पद्धत कॅलिफोर्नियाने शोधलेली नाही. साउथ डकोटाने ती १८९८मध्ये घेतली, ऑरेगनने १९०२मध्ये. कॅलिफोर्नियात तेव्हा सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा विधिमंडळावर वचक होता. तो मोडतो असं सांगून हायरम जॉन्सन गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, झाले, आणि १० ऑक्टोबर १९११च्या मतदानात तीन अधिकार लोकांच्या हाती आले: स्वतः कायदा मांडायचा, विधिमंडळाने केलेला कायदा अडवायचा, आणि निवडून दिलेल्याला परत बोलवायचं. कंपन्यांना वेसण घालायला आणलेलं हे हत्यार पुढे कंपन्यांनीही उचललं. २०२०च्या प्रॉप २२साठी उबर, लिफ्ट, डोअरडॅश आणि मंडळींनी २० कोटी डॉलरहून जास्त पैसा ओतला. ड्रायव्हर आमचे नोकर नाहीत, एवढं कायद्यात लिहून घ्यायला. आणि ते जिंकले.

[दृश्य: टाइप केलेला मसुदा, त्यावर लाल पेनच्या खुणा.]

प्रॉप मतपत्रिकेवर येतं कसं? मसुदा कुणीही लिहू शकतो. तो राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, द्यायचा, सोबत २,००० डॉलर भरायचे. पूर्वी २०० डॉलर पुरायचे. वाटेल तसले मसुदे यायला लागले तेव्हा २०१५च्या कायद्याने रक्कम दसपट केली. प्रश्न मतपत्रिकेपर्यंत पोचला तर पैसे परत मिळतात. ३० दिवस लोकांच्या सूचना घेतल्या जातात. सरकारी तिजोरीवर किती भार पडेल याचा अंदाज विधिमंडळाचा विश्लेषक विभाग आणि वित्त खातं मिळून काढतात. मग ॲटर्नी जनरल शीर्षक आणि शंभर शब्दांच्या आतला सारांश लिहून देतो.

हे शीर्षक लिहिणं मांडणाऱ्याच्या हातात नसतं, आणि तिथेच ठिणगी पडते. २०१८चं प्रॉप ६ घ्या. पेट्रोलवर गॅलनमागे वाढवलेला १२ सेंट कर रद्द करा, ही मांडणाऱ्यांची मागणी. मतपत्रिकेवरच्या शीर्षकाची सुरुवात मात्र अशी: रस्तेदुरुस्ती आणि वाहतुकीचा ठरावीक निधी काढून टाकतं. दोन्ही खरंच. त्या करातूनच रस्ते होत होते. पण कर रद्द करायला जितके हात वर होतात, तितके रस्त्याचे पैसे काढून घ्यायला होत नाहीत. प्रॉप ६ पडलं. केवळ शीर्षकामुळे पडलं असं म्हणता येणार नाही. पण शीर्षक उलट असतं तर प्रचारही उलट झाला असता.

[दृश्य: सुपरमार्केटच्या दारात घडीचं टेबल. क्लिपबोर्ड, दोरीला बांधलेलं पेन.]

आता सह्या. मुदत १८० दिवस. किती सह्या, ते मागच्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या मतांवर ठरतं: साध्या कायद्यासाठी पाच टक्के, राज्यघटना बदलायची तर आठ टक्के. २०२२च्या मतदानावरून हे आकडे आले ५,४६,६५१ आणि ८,७४,६४१. सहा महिन्यांत एवढं नुसत्या स्वयंसेवकांच्या बळावर जमणं कठीण. म्हणून ठेकेदार येतात, दर सहीमागे पैसे देतात. पैसे देऊन सह्या गोळा करण्यावर कोलोराडोने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्येच उडवून लावली.

[दृश्य: अर्जाचा कागद अगदी जवळून.]

कागद नीट बघा. वर काउंटीचं नाव. एका कागदावर एकाच काउंटीचे मतदार, कारण सह्या तपासते ती काउंटी. सही करणाऱ्याने नाव आणि राहता पत्ता स्वतःच्या हाताने लिहायचा. पोस्ट बॉक्सचा नंबर चालत नाही. खाली गोळा करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र. सही बाद होते ती बहुतेक साध्या कारणांनी. घर बदललं पण मतदार यादीत जुनाच पत्ता. सही यादीतल्या सहीशी जुळत नाही. माणूस शेजारच्या काउंटीतला. किंवा त्याने मे महिन्यात एका दुकानापुढे सही केली आणि विसरून जूनमध्ये दुसऱ्या दुकानापुढे पुन्हा केली.

ही शेवटची चूक सगळ्यांत महागात पडते. काउंटी आधी सगळ्या सह्या तपासत नाही. तीन टक्के किंवा ५००, यांतला मोठा आकडा चिठ्ठ्या काढल्यासारखा निवडते आणि तेवढ्याच तपासते. तीन टक्क्यांच्या नमुन्यातली एक सही म्हणजे मूळ गठ्ठ्यातल्या सुमारे ३३. साधी बाद सही ३३ सह्या घेऊन जाते. पण एकाच माणसाच्या दोन्ही सह्या त्या छोट्याशा नमुन्यात सापडल्या, तर? तीन टक्क्यांत जोडी सापडायची शक्यता इतकी कमी, की एक सापडली तर गठ्ठ्यात अशा सुमारे १,१११ जोड्या आहेत असं धरलं जातं. एका विसरभोळ्या माणसापायी अकराशे सह्यांवर पाणी. ठेकेदार गरजेपेक्षा बऱ्याच जास्त सह्या गोळा करतात ते म्हणूनच.

नमुन्यावरून काढलेला अंदाज गरजेच्या ११० टक्क्यांवर गेला तर प्रश्न पात्र. ९५च्या खाली आला तर तिथेच संपला. मध्ये अडकला तर एकेक सही मोजायची.

२०१४मध्ये टिम ड्रेपर या गुंतवणूकदाराने कॅलिफोर्नियाची सहा राज्यं करायचा प्रस्ताव आणला. सह्या दिल्या ११,३७,८४४. हव्या होत्या ८,०७,६१५. ऐकायला ऐसपैस वाटतं. नमुन्यावरून वैध निघाल्या ७,५२,६८५, म्हणजे गरजेच्या ९३ टक्के. दर तीन सह्यांमागे एक बाद. पुढची मोजणी झालीच नाही.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. जूनच्या शेवटच्या आठवड्यावर वर्तुळ.]

मतदानाच्या १३१ दिवस आधी यादी पक्की होते. २०१४च्या कायद्यानंतर तोवर मांडणारे आपला प्रश्न मागे घेऊ शकतात. दिसायला बारीकशी तरतूद, पण तिने सौद्यांचा बाजारच मांडला. जून २०१८मध्ये शीतपेयांच्या कंपन्यांनी एक प्रश्न जवळजवळ मतपत्रिकेपर्यंत आणला होता: कुठल्याही स्थानिक करवाढीला दोनतृतीयांश मतं लागावीत. शहरांच्या पोटात गोळा आला. विधिमंडळाने घाईघाईने २०३१पर्यंत गोड पेयांवर नवे स्थानिक कर लावायला बंदी घातली, आणि त्याच दिवशी कंपन्यांनी प्रश्न मागे घेतला. मतपत्रिकेवर तो आलाच नाही.

[दृश्य: प्लास्टिकची पिशवी, वाऱ्यावर.]

आता हो आणि नाहीचा घोळ. विधिमंडळाने २०१४मध्ये एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. पिशव्या बनवणाऱ्यांनी सह्या जमवून कायदा अडवला आणि २०१६मध्ये तो प्रॉप ६७ म्हणून मतदारांपुढे आला. ज्यांनी प्रश्न आणला त्यांना हवं होतं 'नाही'. हो म्हणजे बंदी राहू द्या. नाही म्हणजे बंदी उठवा. पिशव्या हव्यात म्हणून हो लिहिलं, की मत बंदीला. कायदा अडवणाऱ्या प्रत्येक प्रश्नात हाच पेच होता. अखेर २०२३च्या कायद्याने राज्याच्या अशा प्रश्नांना हो-नाहीऐवजी 'कायदा ठेवा' आणि 'कायदा रद्द करा' असे पर्याय दिले. शंभर वर्षांनी का होईना, सुचलं.

[दृश्य: मतपत्रिका उलटली जाते. मागच्या बाजूला अक्षरांचे मेजर.]

खिशाला थेट चटका लावतात ते गावचे मेजर. शाळा-डिस्ट्रिक्टला इमारती दुरुस्त करायच्या आहेत, तर ते बॉन्ड काढतं: कर्ज उभारतं आणि ते घरमालकांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून फेडतं. दर लिहिलेला असतो एक लाख डॉलर मूल्यामागे. समजा ६० डॉलर. दहा लाख मूल्याच्या घराला वर्षाला ६०० डॉलर, आणि तेही पुढची कित्येक वर्षं.

इथे मूल्य म्हणजे आजचा बाजारभाव नव्हे, तर घर घेतलं तेव्हाच्या किमतीवरून करासाठी धरलेली किंमत. जून १९७८मध्ये हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन यांचं प्रॉप १३ मंजूर झालं. तेव्हापासून मूळ कर मूल्याच्या एक टक्का, आणि घर विकलं जाईपर्यंत मूल्य वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढतं. म्हणून एकाच गल्लीत, एकाच नकाशाच्या दोन घरांत, १९८५मध्ये घेतलेल्याचा कर किरकोळ आणि गेल्या वर्षी घेतलेल्याचा कितीतरी पट. बॉन्डचा बोजाही त्याच प्रमाणात वाटला जातो. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या फ्रीमाँट-सनीवेलला अलीकडे घर घेतलेल्यांनी मेजरचा दर स्वतःच्या टॅक्स बिलावरच्या मूल्याने गुणून बघावा. शेजाऱ्याच्या बिलावरून अंदाज बांधू नये.

जिंकायला किती लागतं, तेही सगळीकडे सारखं नाही. शाळेच्या बॉन्डला बहुधा ५५ टक्के. शहराच्या इतर बॉन्डला दोनतृतीयांश, म्हणजे ६६ टक्के मिळाले तरी हरलात. फ्लोरिडात तर राज्यघटना बदलायला ६० टक्के लागतात. २०२४मध्ये गर्भपाताच्या हक्काचा प्रश्न ५७ टक्के मिळूनही पडला. गंमत म्हणजे ही ६० टक्क्यांची अट फ्लोरिडाने २००६मध्ये घातली, तेव्हा तिला स्वतःला मिळाली होती ५८ टक्क्यांच्या आत.

[दृश्य: पेन मतपत्रिकेवर थांबतं.]

राज्याची पुस्तिका हिंदीत मिळते, मराठीत नाही. वेळ कमी असेल तर आधी 'हो म्हणजे काय, नाही म्हणजे काय' हा छोटा चौकोन वाचा, मग विश्लेषकाचा आर्थिक अंदाज, आणि पैसे कुणी दिलेत ते. जाहिराती शेवटी. एखादा प्रश्न कळला नाही तर कोरा सोडता येतो. त्याने बाकीचं मत बाद होत नाही. टक्केवारी मात्र उत्तर दिलेल्यांचीच निघते, त्यामुळे कोरा चौकोन कुणाच्याच बाजूने मोजला जात नाही.

पाकिटावर सही करा, मतदार यादीत आहे तशीच. मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपाल शिक्का हवा, आणि पाकीट पुढच्या सात दिवसांत काउंटीत पोचायला हवं. सही जुळली नाही तर काउंटी कळवते. त्या पत्राला मुदतीत उत्तर द्यायचं.

[दृश्य: पाकीट पेटीत पडतं.]