न सांगता कळायला हवं?

मित्रमैत्रिणींनो, मघाशी एक चिठ्ठी हातात आली. तिच्यावर लिहिलंय, 'त्याला सगळं सांगावंच लागत असेल, तर ते प्रेम कसलं?' माझं टिपण बाजूला ठेवते आणि इथूनच सुरुवात करते, कारण समुपदेशन करताना हे वाक्य मी सतत ऐकते.

एक मुलगी आठवते, तेवीसेक वर्षांची. नोकरीच्या मुलाखतीत तिला नकार मिळाला होता. तिनं मित्राला मेसेज केला, 'झाली मुलाखत.' त्यानं अंगठा पाठवला. माझ्यासमोर बसून ती तो मेसेज दाखवत होती. स्क्रीन विझली की बोट लावून पुन्हा उजळत होती. "पूर्णविराम बघा ना," ती म्हणाली. "मी एरवी कधी देते का? त्याला एवढंही कळू नये?" तिच्या लेखी तो पूर्णविराम म्हणजे हाक होती. त्याच्या लेखी वाक्य संपलं होतं, एवढंच. नकाराचं त्याला कधी सांगितलंस, असं मी विचारलं. तिनं सांगितलंच नव्हतं. चार दिवस झाले होते आणि त्या चार दिवसांत तिच्या मनात नातं जवळजवळ संपलं होतं.

आयडेलसन आणि एपस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये नात्यांविषयीच्या घातक समजुती मोजणारी 40 विधानांची प्रश्नावली मांडली. तिच्यातल्या पाच समजुतींपैकी एक नेमकी हीच: जोडीदारानं मनातलं ओळखलं पाहिजे. दुसरी, मतभेद म्हणजे नात्याला सुरुंग. बाकीच्या तीन आज सोडते, कारण तरुणांच्या बोलण्यात मला या दोनच सारख्या भेटतात, आणि त्या हातात हात घालून येतात. ओळखलं नाही म्हणून राग, आणि राग आला म्हणजे आपलं जमणारच नाही!

या दोन्हींच्या मुळाशी काय आहे? मानसशास्त्रज्ञ रेमंड नी यांनी 1998 मध्ये दोन धारणा वेगळ्या करून दाखवल्या. एक नियतीची: जोडी जुळणारी असते किंवा नसते. दुसरी वाढीची: नातं अडचणींतून घडत जातं. माणसात दोन्ही कमीजास्त असू शकतात. पण नियतीवर भिस्त असली की पहिल्या दिवसांतलं समाधान हाच निकाल ठरतो.

मला सर्वांत बोलका वाटतो तो 2014 मधला ली आणि श्वार्ट्झ यांचा प्रयोग. काही जणांच्या मनात 'आम्ही एकमेकांसाठीच आहोत' ही भाषा जागवली, काहींच्या मनात 'आम्ही बरोबर वाटचाल करतोय' ही. मग आपल्या नात्यातले प्रसंग आठवायला सांगितले. आनंदाचे प्रसंग आठवताना फरक पडला नाही. भांडणं आठवली, तेव्हा 'एकमेकांसाठीच' म्हणणाऱ्यांचं समाधान कमी भरलं. म्हणजे भांडण आठवणं दोन्ही गटांकडे होतं. त्याचा अर्थ बदलला तो मनातल्या भाषेनं.

पण म्हणून सगळं स्वप्नाळूपण टाकून द्या, असं मी अजिबात म्हणणार नाही. सँड्रा मरे आणि सहकाऱ्यांच्या 1996 च्या अभ्यासात, जोडीदाराला त्याच्या स्वतःच्या नजरेपेक्षाही चांगलं पाहणारे लोक जास्त समाधानी आढळले. माणसात चांगलं पाहणं वेगळं आणि त्याच्याकडून मनकवडेपणाची अपेक्षा करणं वेगळं. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते: नातं घडतं म्हणून मारहाण, अपमान, पाळत सोसायची नाही. ती अडचण नव्हे, तो धोका आहे. तिथून बाहेर पडायचं.

त्या मुलीनं माझ्यासमोरच लिहिलं, 'नकार आलाय. खूप रडले. फोन कर.' पाठवताना तिचा अंगठा थरथरत होता. "मागून मिळालं तर ते खरं असेल का?" तिनं विचारलं. मी काही बोलायच्या आत फोन वाजला. ती उठून बाहेर गेली, आणि दाराआडून मला तिचं पहिलं वाक्य ऐकू आलं, "नाही, मी सांगितलंच नव्हतं तुला."