गॅमा साखळीचा निरोप

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली विभागत असलेल्या टी-पेशी)

टी-पेशी म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. टी-पेशीने जंतू ओळखला म्हणून ती लगेच विभागू लागत नाही. एकीच्या हजारो व्हायच्या, तर आणखी एक इशारा लागतो. तो इंटरल्यूकिन-२ या सायटोकाइनकडून, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या प्रथिनाकडून येतो. हे अवघ्या १३३ अमिनो आम्लांचं प्रथिन १९७६ मध्ये माहीत झालं, तेव्हा त्याची ओळख ‘टी-पेशी वाढवणारा घटक’ अशीच होती.

(दृश्य: पेशीपटलाचं ॲनिमेशन)

इंटरल्यूकिन-२ स्वतः निरोप घेऊन आत जात नाही. ते बाहेरच राहून पेशीपटलातल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला धरतं. या रिसेप्टरच्या साखळ्या तीन: अल्फा, बीटा आणि गॅमा. त्यांच्या पेशीच्या आतल्या शेपट्या बघा. बीटाची २८६ अमिनो आम्लांची, गॅमाची ८६ ची आणि अल्फाची फक्त १३ ची. इतक्या आखूड शेपटीतून निरोप आत जात नाही. अल्फाचं काम पकड घट्ट करण्याचं. बीटा आणि गॅमा दोघीच असल्या, तर इंटरल्यूकिन-२ साधारण १ नॅनोमोलर तीव्रतेला धरलं जातं. अल्फा आली की १० पिकोमोलरसुद्धा पुरतात (१ नॅनोमोलर म्हणजे १,००० पिकोमोलर). हा शंभरपटींचा फरक आहे. विश्रांतीतल्या बहुतेक टी-पेशींवर अल्फा जवळपास नसते, जंतू ओळखल्यावरच ती तयार होते. त्यामुळे थोडंसं इंटरल्यूकिन-२ आसपास असलं, तरी वाढतात त्या मुख्यतः कामाच्या पेशी.

आता आतली बाजू. या शेपट्यांमध्ये एन्झाइम नाही. बीटाला जॅक-१ आणि गॅमाला जॅक-३ ही एन्झाइमं आधीपासून चिकटलेली असतात. इंटरल्यूकिन-२ने दोन्ही साखळ्या जवळ ओढल्या, की ही दोन एन्झाइमं एकमेकांच्या टप्प्यात येतात, एकमेकांवर फॉस्फेट बसवतात आणि जागी होतात. मग बीटाच्या शेपटीतल्या टायरोसिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट बसतात. ३३८ क्रमांकाच्या टायरोसिनपासून रास आणि एमएपी कायनेज या प्रथिनांचा, वाढीचा निरोप पुढे नेणारा मार्ग सुरू होतो. ३९२ आणि ५१० वर स्टॅट-५ हे जनुकं चालू करणारं प्रथिन येऊन बसतं.

स्टॅट-५ वरही जॅक फॉस्फेट चढवतं. फॉस्फेट लागलेली दोन स्टॅट-५ एकमेकांना धरतात, केंद्रकात जातात आणि डीएनएवर टीटीसी, मध्ये कोणतीही तीन अक्षरं, मग जीएए असा क्रम शोधून बसतात. पेशीला जगवणारं बीसीएल-२ हे प्रथिन वाढतं. खुद्द अल्फाचं जनुकही चालू होतं, म्हणजे पकड आणखी घट्ट. त्याच वेळी सॉक्स आणि सिस ही जॅक-स्टॅटला आवरणारी प्रथिनंही तयार होऊ लागतात. रिसेप्टरही काही मिनिटांत आत ओढला जातो. अल्फा पृष्ठभागावर परतते, बीटा आणि गॅमा लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या कचरा मोडणाऱ्या पिशवीत नष्ट होतात. हे आवरणं वाढवण्याइतकंच गरजेचं आहे: स्टॅट-५बी या स्टॅट-५च्या एका प्रकाराच्या जनुकातल्या एका बदलाने ते प्रथिन सतत चालू राहतं, आणि टी-पेशींच्या काही रक्तकर्करोगांत नेमका तोच बदल सापडतो.

(दृश्य: पेशी एकेक करून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटर या यंत्रावर नळी लावताना)

प्रयोगशाळेत हा निरोप थेट मोजता येतो. पेशींना ३७ अंश सेल्सिअसला साधारण १५ मिनिटं इंटरल्यूकिन-२ द्यायचं, लगेच फॉर्मल्डिहाइडने स्थिर करायचं, थंड मिथेनॉलने पटल सच्छिद्र करायचं आणि फॉस्फेट लागलेल्या स्टॅट-५ची प्रतिपिंड-चाचणी करायची. इंटरल्यूकिन-२ न दिलेली नळी सोबत हवीच. स्थिर करायला उशीर झाला, तर फॉस्फटेज एन्झाइमं फॉस्फेट काढून टाकतात आणि निरोगी पेशीही मुकी दिसते. मिथेनॉलने पृष्ठभागावरच्या काही खुणा बिघडतात, म्हणून त्या कोणत्या टप्प्यावर रंगवायच्या हे आधी ठरवावं लागतं.

(दृश्य: नवजात बाळांचा कक्ष)

गॅमा साखळी इंटरल्यूकिन २, ४, ७, ९, १५ आणि २१ या सहाही जणांना लागते. तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ते बिघडलं तर मुलग्यांना तीव्र संयुक्त प्रतिकारशक्ती-न्यूनता (जन्मजात, प्रतिकारशक्ती जवळपास नसण्याचा आजार) होते, हे १९९३ मध्ये सिद्ध झालं. टी-पेशी आणि एनके (बिघडलेल्या पेशींना थेट मारणाऱ्या) पेशी जवळपास नसतात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी असतात, पण टी-पेशींच्या मदतीविना त्या नीट प्रतिपिंडं करू शकत नाहीत. जॅक-३ बिघडलं तरी चित्र तेच, फक्त तेव्हा मुलीही आजारी पडतात.

भारतात बीसीजी ही जिवंत लस जन्मल्याबरोबर दिली जाते. अशा बाळात तिचे जंतू सगळ्या शरीरात पसरू शकतात. म्हणून ज्या घरात आधीचं बाळ तान्हेपणी वारंवार संसर्गाने दगावलं आहे, तिथे पुढच्या बाळाची तपासणी होईपर्यंत बीसीजी थांबवावी लागते. तोंडाने द्यायच्या पोलिओ आणि रोटाव्हायरसच्या लशीही जिवंतच. पहिली तपासणी साधी, सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची. लिम्फोसाइट (टी, बी आणि एनके पेशी मिळून) प्रति मायक्रोलिटर ३,००० च्या खाली दिसले, तर टी, बी आणि एनके पेशींची वेगवेगळी मोजणी तातडीने करावी. आकडा ठीक आला तरी निश्चिंत होता येत नाही, कारण गर्भात आलेल्या आईच्या टी-पेशी तो फुगवू शकतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत या आजारांच्या निदानाचं काम चालतं.