तौरातचा हिशेब

नमस्कार, श्रोतेहो. आज कागद-पेन्सिल हाताशी ठेवा. मोबाइल नको, बेरीज तोंडीच करायची आहे. हल्ली वाण्याच्या दुकानात सव्वाशे आणि पंच्याहत्तर म्हटलं तरी कॅल्क्युलेटर निघतो. पाढे पाठ करून घेणं बंद केलं त्याचं हे फळ. असो.

तौरात आणि इंजील ही नावं तुमच्या कानावर आहेतच. तौरात ज्यूंचा धर्मग्रंथ, मोशेचा, म्हणजे मूसाचा. इंजील ख्रिस्त्यांचा, येशूचा. कुराण म्हणतं, ही पुस्तकं देवानंच उतरवली. आणि कुराण असंही म्हणतं की, काही जणांनी त्यातले शब्द जागचे हलवले. या हलवाहलवीला अरबीत म्हणतात तहरीफ. मध्ययुगातल्या मुस्लिम पंडितांचा सगळा वाद इथून सुरू होतो. तहरीफ कशाची? अक्षरांची की अर्थाची? पुन्हा सांगतो, अक्षरांची की अर्थाची?

फख्रुद्दीन राझी, मृत्यू १२१०, त्याचा कल अर्थाकडे. देशोदेशी पसरलेल्या पुस्तकातली अक्षरं सगळीकडे एकदम कोण बदलणार, असा त्याचा सवाल. उलट बाजूला स्पेनमधल्या कॉर्डोबाचा इब्न हज्म. तो म्हणे, अक्षरंच बदललीत, दाखवून देतो.

आता याच इब्न हज्मची गोष्ट. हिजरी ४०४, म्हणजे इसवी सन १०१३-१४. कॉर्डोबा बर्बर फौजांनी लुटलेलं, माणसं मिळेल त्या वाटेनं पळालेली. त्या पळालेल्यांत दोन तरुण. एक हा वजिराचा मुलगा इब्न हज्म, दुसरा ज्यू, शमुएल, लेवीच्या वंशातला. दोघंही विशीतले. दोघांची गाठ पडली आणि वाद जुंपला तो तौरातच्या एका ओळीवरून. ओळ अशी : यहूदाच्या घराण्यातून राजदंड जाणार नाही. यहूदा म्हणजे ज्यूंचा पूर्वज. इब्न हज्म म्हणाला, कुठे आहे तुमचं राज्य? शमुएल म्हणाला, आमचे रास अल-जालूत, म्हणजे परागंदा ज्यूंचे प्रमुख, दावीद राजाच्या वंशातले आहेत, म्हणजे यहूदाच्याच घराण्यातले. ही सत्ताच झाली. इब्न हज्मचं उत्तर काय? त्या प्रमुखाचा हुकूम कोणावरही चालत नाही, ना ज्यूंवर ना इतरांवर. नुसतं नाव आहे ते. त्याच्या हातात साधी काठीसुद्धा नाही!

आता हे सगळं लिहून ठेवलंय इब्न हज्मनं, म्हणजे शेवटचा शब्द त्याचाच असणार. पण त्यानंच शमुएलबद्दल लिहिलंय की, ज्यूंमधला हा सर्वांत विद्वान आणि सर्वांत पट्टीचा वादपटू. पुढे हाच शमुएल ग्रॅनडाचा वजीर झाला. आणि इब्न हज्मची पुस्तकं सेव्हिलच्या राजानं जाळली.

इब्न हज्मनं तौरात वाचली होती ती कशी, ऐका. आकारसुद्धा नोंदवलाय : ११० पानं, पानाच्या एका बाजूला २३च्या आसपास ओळी, ओळीत दहा-पंधरा शब्द, अक्षर जरा मोकळं. न उघडलेल्या पुस्तकावर तासभर बोलणारे आपल्याकडे थोडे आहेत का?

घ्या आता पेन्सिल. तौरातची अक्षरं बदललीत हे दाखवायला इब्न हज्मनं केलेला हिशेब असा. तौरात सांगते, इस्राएल लोक, म्हणजे ज्यूंचे पूर्वज, मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, ४३० वर्षं राहिले. लिहा, ४३०. लेवीचा मुलगा कहाथ आजोबा याकोबाबरोबर मिसरमध्ये आला. त्याचं आयुष्य १३३. त्याचा मुलगा अम्राम, १३७. अम्रामचा मुलगा मोशे, मिसर सोडताना ८०. करा बेरीज. १३३ आणि १३७ झाले २७०, त्यात ८०, झाले ३५०. उरलेली ८० वर्षं कुठे गेली? शिवाय ही बेरीज सैलात सैल आहे. बाप मेला त्याच वर्षी मुलगा जन्मला असं धरलंय. बाप-लेकाची एकत्र वर्षं वजा केलीत तर आकडा आणखी खाली येतो. आणखी खाली!

ज्यू पंडितांकडे उत्तर होतं. ते ४३० याकोबाचा आजोबा अब्राहाम याच्यापासून मोजतात, मिसरमधली वर्षं धरतात फक्त २१०. शोमरोनी लोकांच्या, म्हणजे तौरातची स्वतःची वेगळी प्रत मानणाऱ्या पंथाच्या, तौरातमध्ये तर त्या जागी 'कनान आणि मिसर' असे शब्दच आहेत. इब्न हज्मला हे पटणारं नव्हतं, कारण तो जाहिरी पंथाचा : शब्दाचा उघड अर्थ तोच अर्थ. मिसर लिहिलंय ना, मग मिसरच. त्याचा निकाल असा की, मूळ प्रत ज्यूंच्या देवळात पुरोहितांच्या ताब्यात एकच होती, आणि पुढे एज्रा नावाच्या ज्यू शास्त्र्यानं ती पुन्हा लिहिताना घोळ घातला. एज्राला तो वर्राक म्हणतो, वर्राक म्हणजे नकलनवीस.

वेळ थोडा उरलाय, म्हणून एकच. कैरोत पंधराव्या शतकात अल-बिकाई नावाचा पंडित होता. त्यानं कुराणाचा अर्थ लावताना तौरात आणि ख्रिस्त्यांच्या चारही शुभवर्तमानांतले, म्हणजे इंजिलांतले, उतारे जसेच्या तसे घातले, खोडून काढायला नव्हे, समजून घ्यायला. गहजब झाला. सखावी नावाच्या दुसऱ्या पंडितानं असे उतारे घेणं हराम म्हणून पुस्तक लिहिलं, बिकाईनं स्वतःच्या बचावाचं वेगळं. शेवटी बिकाईनं कैरो सोडलं आणि १४८० साली तो दमास्कसला वारला. त्याचं ते भाष्य मात्र आपल्या शेजारी, हैदराबादेत छापलं गेलं, दाइरतुल मआरिफच्या छापखान्यातून, २२ खंडांत.