साखर तांबूस होताना

(गुऱ्हाळ, पहाट. काहिलीवरची वाफ.)

करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळ. भेंडीच्या झाडाचा चिकट रस पडला की मळी वर येते, झाऱ्यानं निघते. गुळव्या पाकाचे चार थेंब गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी गोळी वळवून बघतो. साधारण 118 अंशांना काहिल उतरते. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ इथवर शिजतो.

कपकेकवरच्या फ्रॉस्टिंगसाठी, म्हणजे फेटलेल्या लोण्याच्या थरासाठी, लागणारं कॅरॅमल याच्याही पुढं जातं. पाणी संपतं, तापमान 170 अंशांच्या आसपास पोचतं आणि साखर स्वतःच बदलायला लागते.

(स्वयंपाकघर. स्टीलचं पातेलं.)

बारा कपकेकसाठी 150 ग्रॅम साखर, 3 मोठे चमचे पाणी. पातेलं जाड बुडाचं आणि स्टीलचं घ्या. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग कळत नाही, आणि इथं सगळा खेळ रंगाचाच आहे. साखर विरघळेपर्यंतच ढवळायचं. नंतर चमचा घातला की कडेचे दाणे आत पडतात आणि अख्खा पाक रवाळ होतो. कडेला दाणे दिसले तर ओला ब्रश फिरवा. लिंबाचे दोन थेंब सुरुवातीलाच घातले तर ही भीती बरीच कमी होते.

(जवळून: पाक.)

आधी मोठे बुडबुडे, मग बारीक, संथ. कडेला पिवळसर. पातेलं नुसतं गोल फिरवायचं. मधाचा रंग आला… अजून नाही. फिकट कॅरॅमल लोण्यात मिसळलं की नुसतं गोड लागतं. गडद तांबूस झालं आणि धुराची पहिली बारीक रेघ दिसली की गॅस बंद. पातेल्याच्या उष्णतेनंही रंग चढत राहतो. आणखी दहा-पंधरा सेकंद गेले तर ते कडू होतं, आणि तो कडूपणा कशानंच जात नाही.

आता 100 मिली फ्रेश क्रीम, गरम केलेलं, थोडं थोडं. उसळी येते, म्हणून पातेलं खोल हवं. क्रीम गार असेल तर साखरेचे खडे होतात. मंद आचेवर ते पुन्हा विरघळतात. वर 30 ग्रॅम बटर आणि पाव चमचा मीठ.

गुळाची चव हवी असेल तर वितळवून गाळलेला गूळ दोन चमचे, पण कॅरॅमल कोमट झाल्यावरच. उकळत्या क्रीममध्ये गूळ पडला की ते फाटू शकतं.

(घड्याळ. पातेल्यावर झाकण.)

दोन तास थांबा. कोमट कॅरॅमल बटरमध्ये गेलं की बटर वितळतं.

(बीटर चालू.)

200 ग्रॅम बिनमिठाचं बटर पाच मिनिटं फेटा, पांढुरकं होईपर्यंत. घरचं लोणी वापरायचं तर गार पाण्यात धुऊन ताक पूर्ण काढा, नाहीतर फ्रॉस्टिंग पाणी सोडतं. मग 200 ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, शेवटी 150 ग्रॅम कॅरॅमल. एप्रिल-मेच्या उकाड्यात मिश्रण ओघळलं तर भांडं दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवून पुन्हा फेटा. दाणेदार, फुटल्यासारखं दिसलं तर ते जास्त गार झालंय. भांड्याला बाहेरून कोमट कापड लावा.

तयार व्हिप टॉपिंगपेक्षा हे महाग पडतं आणि फ्रिजमध्ये चार-पाच दिवसच टिकतं. पण त्या टॉपिंगमध्ये बहुतेकदा वनस्पती तेल असतं आणि कॅरॅमलची चव इसेन्सची. इथं चव जळलेल्या साखरेची आहे.

(नोझलमधून पहिला गोल. आवाज नाही.)