बाटलीत फुललेला कळक

(दृश्य: बुरुड आळी, सकाळ. बांबू उभा चिरताना, जवळून.)

कोयत्याचं पातं बांबूच्या टोकात बसतं, वरून एक ठोका पडतो आणि चीर सरसर खाली धावते. गाठ आली की अडते. गाठीला दुसरा ठोका लागतो. पुण्याच्या बुरुड आळीत पिढ्यानपिढ्या हेच काम चाललंय. कामट्या काढायच्या, तासायच्या, त्यांची सुपं विणायची, टोपल्या विणायच्या.

जरा या गाठीकडे बघा. वाळक्या खपल्याआड एक डोळा दडलेला आहे. त्यातून फांदी फुटते. फुलाचा तुराही अशाच डोळ्यातून येऊ शकतो. पण बांबूचा डोळा वर्षानुवर्षं फांदीच काढत राहतो. काटेरी कळक ही बांबूची एक जात. तो तीस-चाळीस वर्षं नुसता वाढतो, मग एका हंगामात बेटच्या बेट फुलतं, बी धरतं आणि वाळून जातं. एवढं बी पडलं की उंदीर माजतात आणि मग शेतातलं धान्यही फस्त करतात. १९५९ साली मिझोराममध्ये बांबूच्या बहरानंतर दुष्काळ पडला होता.

डोळ्याने फांदी काढायची की फूल, हे कशावर ठरतं? या प्रश्नावरचं एक फार मोठं काम आपल्या पुण्यात झालंय.

(दृश्य: पाषाण रस्ता. मग टिश्यू कल्चरची खोली, बाटल्यांच्या रांगा.)

पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल. रजनी नाडगौडा, व्ही. ए. परशरामी आणि ए. एफ. मस्करेन्हस या तिघांनी इथे बांबूची कोवळी रोपं बाटल्यांमध्ये वाढवली आणि ती रोपं बाटलीतच फुलली. जे पाहायला जंगलात उभा जन्म वाट बघावी लागते, ते इथे काही महिन्यांत घडलं. मार्च १९९० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला आणि जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुण्याकडे पाहिलं.

हे काम कसं चालतं, ते या खोलीत दिसतं. आधी हात स्पिरिटने पुसायचे. चिमटा ज्योतीवर धरायचा, निववायचा. बाटलीचं तोंडही ज्योतीवरून फिरवून घ्यायचं, कारण बुरशीचा एक कण आत गेला तरी बाटली फुकट. आत तळाशी दिसतोय तो अगार, समुद्री शेवाळापासून काढलेला. त्यात क्षार आहेत, साखर आहे, जीवनसत्त्वं आहेत. पोट भरायला एवढं पुरेसं आहे. पण काय व्हायचं, हे कोंबाला सांगतात ती संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स. ती पडतात लिटरमागे मिलिग्रॅमच्या हिशोबात.

एनसीएलच्या त्या बाटल्यांमध्ये दोन गोष्टी घातल्या होत्या. एक, सायटोकायनिन गटातलं संप्रेरक. दुसरी, नारळाचं पाणी. होय, आपलं साधं नारळाचं पाणी. नारळात वाढणाऱ्या गर्भासाठी झाडाने साठवलेल्या या पाण्यात सायटोकायनिनं मुळातच असतात. ती पेशींना विभागत ठेवतात, कोंबाचं टोक जागं ठेवतात. अमेरिकेत स्कूग आणि मिलर यांनी १९५७ सालीच दाखवलं होतं की ऑक्झिन हे दुसरं संप्रेरक आणि सायटोकायनिन यांचं प्रमाण बदललं की तोच पेशींचा गोळा एकदा मुळं काढतो, एकदा कोंब. पुण्याच्या बाटल्यांमध्ये कोंब दर काही आठवड्यांनी ताज्या माध्यमात हलवले जात होते. असं दोन-तीनदा झालं आणि पानांच्या जागी तुरे दिसू लागले. बांबू हे गवत. त्याच्या फुलाला झगमगत्या पाकळ्या नसतात. हिरव्या खपल्यांमधून पुंकेसर बाहेर लोंबतात, एवढंच. पण ज्या रोपाला आणखी काही दशकं फुलायचं नव्हतं, त्याला ते आले होते.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली कोंबाचं टोक.)

हे टोक डोळ्यांना जेमतेम दिसतं. त्याच्या कडेला हे जे उंचवटे आलेत, त्यातला प्रत्येक उंचवटा म्हणजे एक होऊ घातलेलं फूल. जिथे ऑक्झिन गोळा होतं, तिथेच उंचवटा येतो. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडोप्सिस या रोपाचा एक वाण आहे, ज्यात ऑक्झिन वाहून नेणारं प्रथिन बिघडलेलं असतं. त्याचा दांडा वर येतो तो नागडा, टाचणीसारखा, एकही फूल नाही. त्याच दांड्याच्या टोकाशी कडेला ऑक्झिनचा ठिपका लावला की तिथे फूल उगवतं. रोपाला फुलायचं माहीत होतं, फक्त योग्य जागी निरोप पोचत नव्हता!

पुढचं काम इतर संप्रेरकांचं. जिबरेलिनमुळे पुंकेसरांचे दांडे लांबतात, पाकळ्या वाढतात. ते कमी पडलं तर पुंकेसर खुजे राहतात. परागकोश वेळेवर उकलतो जॅस्मोनिक आम्लामुळे, ज्याचं नाव चमेलीच्या सुगंधी तेलावरून आलं. द्राक्षवाल्या गावांत 'जीए' म्हणून जे फवारलं जातं, ते जिबरेलिक आम्ल, म्हणजे हे जिबरेलिनच. त्याला टॉनिक म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. ते अन्न नाही. ती आज्ञा आहे, आणि चुकीच्या वेळी दिली तर झाड ती चुकीच्या वेळीच पाळतं.

(दृश्य: गुलटेकडी, मार्केट यार्डाचा फुलबाजार, पहाट. शेवंतीचे ढीग. मग रात्री दिव्यांखालचं शेवंतीचं शेत.)

ही शेवंती. दिवस लहान आणि रात्र लांब झाली की फुलते. रात्र मोजतं पान, फुलतो शेंडा. मग पानाचा निरोप शेंड्यापर्यंत जातो कसा? १९३०च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी शेवंतीवरच प्रयोग केले. फक्त पानांना लांब रात्र दिली, तरी शेंडा फुलला. पानातून निघणाऱ्या त्या अनोळखी संदेशवाहकाला त्यांनी फ्लोरिजेन म्हटलं. तो एक प्रथिन आहे हे पक्कं व्हायला २००७ साल उजाडलं. शेतात रात्री दिवे लावतात ते यासाठीच. मध्येच उजेड पडला की लांब रात्र तुटते, कळी थांबते आणि तोडा सणाच्या तारखेला आणता येतो.

आणि तोडलेलं फूल कोमेजतं, त्यात इथिलीन या वायूचा मोठा हात असतो. पिकलेल्या केळ्यांजवळ कार्नेशन ठेवू नये, ते याच कारणाने.

(दृश्य: पुन्हा बाटल्या. एका कोंबावर कॅमेरा स्थिर.)

एनसीएलच्या त्या फुलांनी बी धरलं. बांबूच्या पैदाशीत ही फार मोलाची गोष्ट आहे. दोन जातींचा संकर करायचा तर दोन्ही एकाच वेळी फुलल्या पाहिजेत, आणि जंगलात त्यांच्या बहरात कित्येक वर्षांचं अंतर पडतं. त्या निबंधात कळकाबरोबर डेंड्रोकॅलॅमस ब्रँडिसी ही दुसरी जातही होती. तीही बाटलीत फुलली होती.