पुढचं वाक्य कोण सुचवतंय?

प्रश्न साधाच होता. सोशल मीडिया समाजासाठी चांगला की वाईट? अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे मोर नामान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,५०६ लोकांना यावर ऑनलाइन थोडंसं लिहायला सांगितलं. काहींना नुसता कोरा बॉक्स, बाकीच्यांना सोबत एआय, म्हणजे तुम्ही टाइप करताय आणि तो पुढचं सुचवतोय, पटलं तर घ्या नाहीतर सोडा. फक्त यातल्या काहींचा एआय मुद्दाम सोशल मीडियाची बाजू घेणारा होता आणि काहींचा विरोधात, आणि हे लिहिणाऱ्यांना सांगितलेलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आळशी लोकांनी सुचवलेलं तसंच ठेवलं असेल. पण ज्यांनी वेळ घेऊन बरंचसं स्वतः लिहिलं त्यांचंही लिखाण एआयच्याच बाजूला झुकलं! आणि लिहून झाल्यावर त्यांचं मत वेगळं विचारलं, तिथे सुचवणारं कोणीच नव्हतं, तरी मत सरकलेलं. एआय एकतर्फी बोलतोय हे बहुतेकांच्या लक्षातच आलं नाही. हा अभ्यास २०२३ चा.

जाहिरात दिसली, प्रचाराची गाडी आली की आपण सावध होतो. इथे समोर वाद घालायला कोणी नाहीच ना. नाटकात विंगेतला प्रॉम्प्टर निदान नटाचंच विसरलेलं वाक्य आठवून देतो, हा तर आपल्याला काही सुचायच्या आधीच बोलून मोकळा, आणि एकदा ते वाक्य आपण ठेवलं की ते आपलंच वाटायला लागतं.

मग आधीच सांगितलं तर, की बाबा हा एआय एकतर्फी आहे? तेही करून बघितलं. नंतरच्या प्रयोगांत फाशीच्या शिक्षेसारखे विषय घेतले, काहींना आधी इशारा दिला, काहींना नंतर. मत सरकायचं ते सरकलंच.

२०२५ मध्ये कॉर्नेलचाच अजून एक अभ्यास आला, यात भारतातले आणि अमेरिकेतले मिळून ११८ जण. आवडता पदार्थ लिहायला घेतला की एआय म्हणणार पिझ्झा, सण म्हटलं की ख्रिसमस, आणि शाहरुख लिहायला 'एस' टाइप केलं तर स्कार्लेट जोहान्सन! आपले लोक ते दुरुस्त करत बसले, त्यामुळे अमेरिकनांइतका वेळही वाचला नाही, आणि एवढं करून त्यांचं लिखाण अमेरिकन वळणाचंच झालं. आणि या वेळी एआयला कोणाची बाजू घे म्हणून कोणी सांगितलेलं नव्हतं.