ओळ क्रमांकाची जबाबदारी : पर्लमधील चुका कळवणारे मॉड्यूल डेबियनसाठी पॅकेज करताना

मित्रहो, आजचा विषय वरकरणी अगदी छोटा आहे. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले, प्रोग्राममधील चुका कळवणारे एखादे मॉड्यूल (तयार कोडचा सुटा भाग) घ्यायचे आणि डेबियन या लिनक्स वितरणाच्या भांडारात जाईल असे त्याचे पॅकेज, म्हणजे यंत्रावर थेट बसवता येईल असा गठ्ठा, बांधायचे. सीपॅन या पर्ल मॉड्यूलांच्या सार्वजनिक साठ्यावरून टारबॉल (फाइलींची एकत्र बांधलेली गठडी) उतरवून घेतला आणि डीएच-मेक-पर्ल ही आज्ञा चालवली की पॅकेजचा सांगाडा लगेच उभा राहतो, आणि बऱ्याच मॉड्यूलांच्या बाबतीत त्यापुढचे काम फारसे उरत नाही. चुका कळवणाऱ्या मॉड्यूलांचे तसे नाही. इतर मॉड्यूल जे काम करते त्याचा ते कोणत्या फोल्डरमध्ये ठेवले आहे याच्याशी सहसा संबंध नसतो. हे मॉड्यूल मात्र जे सांगते त्यातच फाइलचा पत्ता आणि ओळीचा क्रमांक असतो. आणि पॅकेज करणे म्हणजे तरी काय, तर फाइली एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवणे आणि प्रसंगी त्यांत दोन-चार ओळींची भर घालणे. ज्या जागेची साक्ष द्यायची, ती जागाच आपण हलवत असतो.

पर्लमध्ये चूक कळवण्याचा मूळ मार्ग म्हणजे ‘डाय’. त्याला दिलेल्या मजकुराच्या शेवटी नव्या ओळीचे चिन्ह नसेल, तर पर्ल स्वतःहून फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक जोडते. चिन्ह असेल तर काहीच जोडत नाही. कित्येक प्रोग्राम चूक झाल्यावर कोणताही ठावठिकाणा न सांगता बंद पडतात, त्यामागे अनेकदा हे एकच चिन्ह असते. पण ‘डाय’ची दुसरीही एक मर्यादा आहे. तो जिथे लिहिला आहे तीच ओळ तो सांगतो, आणि मॉड्यूल वापरणाऱ्याला त्या ओळीशी काही कर्तव्य नसते. आपण चुकीची किंमत कुठून पाठवली, एवढेच त्याला हवे असते. ही गरज ‘कार्प’ हे मॉड्यूल भागवते. त्यातले ‘क्रोक’ बोलावणाऱ्याची ओळ सांगते, ‘कन्फेस’ बोलावण्यांची सगळी साखळी सांगते, आणि मॉड्यूलच्याच नावाचे ‘कार्प’ व ‘क्लक’ हीच दोन कामे प्रोग्राम न थांबवता, इशाऱ्याच्या स्वरूपात करतात. कुरकुर, डरकणे, कबुलीजबाब आणि कोंबडीची कलकल अशी ही नावे आहेत. पर्लवाल्यांना असल्या थट्टेची हौस जुनीच आहे. ‘कार्प’ हे डेबियनमधल्या ‘पर्ल-बेस’ या अत्यावश्यक पॅकेजमध्येच येते, त्यामुळे ते वेगळे बांधावे लागत नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ही साखळी वस्तूच्या (ऑब्जेक्टच्या) रूपात हाती देणारे ‘डेव्हेल::स्टॅकट्रेस’, आणि त्यावर उभे असलेले, चुकांचे वर्ग जाहीर करू देणारे ‘एक्सेप्शन::क्लास’.

डेबियनच्या नाव देण्याच्या रीतीनुसार ‘एक्सेप्शन::क्लास’च्या पॅकेजचे नाव ‘लिबएक्सेप्शन-क्लास-पर्ल’ होते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणात त्याच जातीचे नाव ‘पर्ल’ने सुरू होते आणि मॉड्यूलच्या मूळ नावातली मोठी अक्षरे तशीच राहतात. मॉड्यूल निव्वळ पर्लमध्ये असेल तर पॅकेजची माहिती देणाऱ्या कंट्रोल फाइलमध्ये आर्किटेक्चरपुढे, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारापुढे, ‘ऑल’ लिहायचे, सी भाषेतला भाग असेल तर ‘एनी’. परवान्याकडे मात्र नीट पाहावे लागते. ‘एक्सेप्शन::क्लास’चा परवाना पर्लच्याच अटींचा, म्हणजे आर्टिस्टिक किंवा जीपीएल असा पर्यायी आहे, आणि या दोन्ही परवान्यांचा मजकूर प्रत्येक डेबियन यंत्रावर आधीच असल्यामुळे त्याचा नुसता निर्देश पुरतो. ज्या ‘डेव्हेल::स्टॅकट्रेस’वर ते अवलंबून आहे त्याचा परवाना आर्टिस्टिक २.० आहे. तो सामायिक परवान्यांत नाही, म्हणून त्याचा संपूर्ण मजकूर कॉपीराइट फाइलमध्ये उतरवावा लागतो. एकाच लेखकाची दोन मॉड्यूले असली तरी एकाची कॉपीराइट फाइल दुसऱ्यात चिकटवून चालत नाही, ती यासाठी.

खरा कस लागतो तो चाचण्यांत. पॅकेज बांधले जात असताना मॉड्यूल आधी ‘ब्लिब’ नावाच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये रचले जाते आणि चाचण्या तिथल्या फाइलींवर चालतात. आता चूक कळवणाऱ्या मॉड्यूलच्या चाचणीत तपासायचे काय, तर निघालेला संदेश. माझ्या हाती आलेल्या एका मॉड्यूलच्या लेखकाने अपेक्षित संदेश लिहिताना पत्त्यात ‘ब्लिब’ हा शब्दच टाकून ठेवला होता. बांधणीच्या वेळी सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या आणि मी निश्चिंत झालो. पण डेबियनमध्ये यानंतर ऑटोपीकेजीटेस्ट नावाची दुसरी फेरी असते. तिच्यात पॅकेज खरोखर बसवले जाते, चाचण्यांचे फोल्डर तेवढे बाजूला काढून घेतले जाते, आणि बसवलेल्या मॉड्यूलवर त्याच चाचण्या पुन्हा चालवल्या जातात. तिथे संदेशात ‘/यूएसआर/शेअर/पर्ल५’ असा पत्ता आला आणि चाचणी पडली. मॉड्यूल खरे बोलत होते. चाचणीने त्याची साक्ष चुकीच्या गावच्या पत्त्यावर पाठ करून ठेवली होती. अशा वेळी ती चाचणी वगळून टाकण्याचा मोह होतो, कारण त्यासाठी एक ओळ पुरते. मला तो मार्ग पसंत नाही. संदेशाचा पत्ता तपासणारी चाचणी हीच अशा मॉड्यूलची सर्वांत मोलाची चाचणी असते. पत्त्याचा फक्त शेवटचा भाग जुळतो का एवढे तपासावे, आणि ही दुरुस्ती मूळ लेखकाकडे पाठवावी.

पर्ल स्वतःही संदेशांचे शब्द बदलत असते. २०१२ साली आलेल्या पर्ल ५.१६ सोबतच्या ‘कार्प’ने ओळ क्रमांकापुढे पूर्णविराम द्यायला सुरुवात केली, कारण ‘डाय’ तो देत होता आणि ‘कार्प’ देत नव्हता. सुधारणा योग्यच होती, पण संदेश अक्षर न् अक्षर जुळवून पाहणाऱ्या चाचण्या त्या एका टिंबापायी पडू शकत होत्या. पुढे २०१३च्या ५.१८मध्ये हॅशमधल्या, म्हणजे नाव-किंमत जोड्यांच्या साठ्यातल्या, नोंदींचा क्रम प्रत्येक वेळी वेगळा येऊ लागला, आणि चुकांचे तपशील हॅशमधून छापणाऱ्या मॉड्यूलांच्या चाचण्या कधी पास, कधी नापास होण्याची सोय झाली. ५.३८मध्ये मॉड्यूल न सापडल्याच्या संदेशातले शब्दही थोडे बदलले. तो मजकूर वाचून गहाळ मॉड्यूलचे नाव शोधणाऱ्या कोडने मजकुराच्या शेपटावर भिस्त ठेवली असेल, तर त्याची पंचाईत. इथे एक बारकावा सांगायला हवा. पर्लची नवी मुख्य आवृत्ती डेबियनमध्ये येते तेव्हा सी भाषेतला भाग असलेली मॉड्यूले पुन्हा बांधली जातात, निव्वळ पर्लमधली बांधली जात नाहीत, कारण त्यांना त्याची गरज नसते. म्हणजे बांधणीच्या वेळच्या चाचण्याही तेव्हा चालत नाहीत. आपल्या मॉड्यूलचे आणि नव्या पर्लचे जुळते का, हे सांगायला वर म्हटलेली दुसरी फेरीच काय ती उरते. म्हणून कंट्रोल फाइलमधली, ही फेरी चालवायला सांगणारी ‘टेस्टसूट’ची ओळ मी कधीही गाळत नाही.

आता पॅचकडे, म्हणजे पॅकेज करणाऱ्याने मूळ कोडमध्ये केलेल्या बदलांकडे, येतो. मूळ लेखकाच्या कोडमध्ये आपण चाळिसाव्या ओळीवर तीन ओळी घातल्या, की त्याखालची प्रत्येक ओळ तीनने सरकते. वापरणारा १२७व्या ओळीचा संदेश मूळ लेखकाला पाठवतो, लेखक आपल्या फाइलीत १२७वी ओळ उघडून पाहतो, आणि तिथे एक रिकामी ओळ किंवा भलताच कंस असतो. लेखकाला वाटते वापरणारा गोंधळला आहे; वापरणाऱ्याला वाटते लेखक टाळतो आहे; आणि तिसरा, म्हणजे पॅकेज करणारा, या संभाषणात नसतोच. ‘लाइन’ या विशेष टिप्पणीने पर्लची मोजणी पुन्हा जागेवर आणता येते, पण पॅच काढला आणि टिप्पणी राहून गेली तर आधीपेक्षा मोठी चूक होते, त्यामुळे मी तिच्या वाटेला जात नाही. शक्यतो ओळींची संख्या न बदलता, आहे त्याच ओळीत बदल करावा, भले ती ओळ थोडी लांब होईल. असा गोंधळ पॅचशिवायही होतो. डिस्ट-झिला या लेखकांच्या साधनाने टारबॉल तयार करताना आवृत्तीची ओळ नव्याने घातली, तर गिटमधल्या, म्हणजे लेखकाच्या मूळ कोडसाठ्यातल्या, फाइलीची आणि टारबॉलमधल्या फाइलीची मोजणी वेगळी होते. ते टाळण्यासाठी, ओळी न वाढवता आवृत्ती लिहिणारा वेगळा प्लगइनच आहे.

आवृत्तीच्या आकड्यांचेही असेच. पर्ल त्यांना दशांश समजते, म्हणून पर्लच्या लेखी १.२ हा १.१९पेक्षा मोठा. डेबियन टिंबानंतरचा भाग पूर्णांक म्हणून मोजते, म्हणून तिथे १.१९ मोठा. लेखकाने १.१९नंतर १.२ प्रसिद्ध केले आणि आपण ते १.२० असे लिहिले नाही, तर वापरणाऱ्यांची यंत्रे नवे पॅकेज घेतच नाहीत, आणि जुन्या ओळींच्या तक्रारी येत राहतात.

तक्रार आली की मी सर्वप्रथम संदेशातला पत्ता वाचतो, ओळ नंतर. डेबियनचे पर्ल मॉड्यूल शोधताना ‘/यूएसआर/लोकल’खालचे फोल्डर आधी पाहते. वापरणाऱ्याने कधीकाळी सीपॅनवरून तेच मॉड्यूल हाताने बसवले असेल, तर आपले पॅकेज जागेवर असूनही चालते ती त्याची प्रत, आणि आपण सुधारलेली ओळ त्याच्या यंत्रावर कधी वाचलीच जात नाही. पत्ता आपल्याच पॅकेजचा निघाला, तर पॅचांची यादी काढायची आणि सरकलेल्या ओळी वजा करून मूळ लेखकाचा क्रमांक काढायचा. तक्रार पुढे पाठवताना हा क्रमांक त्यात लिहायचा. प्रत्येक पॅचच्या माथ्यावर ‘फॉरवर्डेड’ नावाची नोंद असते, तिथे तो मूळ लेखकाकडे कुठे पाठवला याचा दुवा द्यायचा. लेखकाने तो स्वीकारून नवी आवृत्ती काढली, की आपल्याकडची पॅचची फाइल पुसून टाकायची, आणि त्या दिवसापासून दोघांच्या फाइलीत १२७वी ओळ एकच असते.